रंगमंचावर कधीच पाय न ठेवता नाट्यविभागात प्रवेश घेताना

नाट्यविभागातल्या माझ्या पहिल्याच आठवड्यात मॅडम म्हणाल्या, "थोडी अपस्टेजला सरक." मी तत्परतेने दोन पावलं पुढे आले, प्रेक्षक बसतात त्या बाजूला. 'अप' म्हणजे पुढे, असा माझा हिशोब. वर्गातली निम्मी मुलं हसली. उरलेली हसली नाहीत, कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण हे मला फार नंतर कळलं.

अपस्टेज म्हणजे मागचा, प्रेक्षकांपासून लांबचा भाग. पुढचा, प्रेक्षकांजवळचा तो डाउनस्टेज. पूर्वी युरोपातल्या कित्येक रंगमंचांची जमीन मागून पुढे उतरती असायची, मागे उभं असलेलं पात्रही नीट दिसावं म्हणून. त्यामुळे मागे जाणं म्हणजे खरोखरच चढणं आणि पुढे येणं म्हणजे उतरणं. पुढे बहुतेक ठिकाणी उतार गेला, शब्द तेवढे राहिले. एवढं कळायला पाच मिनिटं पुरली आणि मग कधी चुकले नाही.

शाळेपासून नाटकात असलेली मुलं आणि तुम्ही यांच्यात जे अंतर दिसतं, त्यातला मोठा भाग असल्याच शब्दांचा असतो. तो एका सत्रात भरून निघतो. दुसरा भाग मात्र खरा आहे: दहा माणसं टक लावून बघत असताना अंग सैल ठेवता येणं. त्याची त्यांना सवय असते, तुम्हाला नसते. "पाटी कोरी आहे ते बरंच" असं नवख्यांना धीर द्यायला म्हणतात, ते अर्धंच खरं. मोडायला जुन्या सवयी नसतात हा फायदा आहे, पण कोऱ्या पाटीवर आपोआप काही उमटत नाही.

आधी अभ्यासक्रम कुठल्या जातीचा आहे ते बघा

नाट्यशिक्षणाचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. पहिल्यात नाटक हा विद्यापीठातल्या इतर विषयांसारखा एक विषय असतो. इतिहास, नाट्यवाङ्मय, समीक्षा आणि जोडीला अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना यांची तोंडओळख. इथे बरेचदा ऑडिशन नसते, किंवा असली तरी प्रवेशासाठी नसून प्रयोगातल्या भूमिकांसाठी असते. दुसरा प्रकार प्रशिक्षण संस्थेच्या वळणाचा. दिवसाचे कितीतरी तास आवाज, शरीर, अभिनय, संध्याकाळी तालीम. लंडनची १९०४ साली सुरू झालेली 'राडा' (रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट) ही या घडणीतली एक जुनी संस्था. अशा ठिकाणी प्रवेश ऑडिशनवरच ठरतो आणि जागा थोड्या असतात.

अजिबात अनुभव नसेल आणि आपल्याला अभिनय करायचाय की दिग्दर्शन, की दिव्यांमागे उभं राहायचंय हेच नक्की नसेल, तर माझं मत सरळ पहिल्या प्रकाराच्या बाजूने आहे. तिथे चाचपडायला जागा मिळते. अभिनयच करायचाय अशी खात्री असेल तर दुसऱ्या प्रकाराला घाबरायचं कारण नाही, फक्त तयारी लवकर सुरू करा. माहितीपत्रक वाचताना एक गोष्ट हमखास शोधा: पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रयोगात काम करू देतात का, आणि कुठलं? काही ठिकाणी पहिलं वर्षभर रंगमंचावर उभं करत नाहीत, फक्त बॅकस्टेजला ठेवतात. ते वाईट नाही, पण आधी माहीत असलेलं बरं.

प्रवेशाआधीचे तीन महिने

घाईघाईने एखादं शिबिर गाठण्यापेक्षा घरी बसून करण्यासारखं बरंच आहे.

सगळ्यात आधी नाटकं वाचा, आणि मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचलेलं नाटक कादंबरीसारखं वाचलं जातं. डोळे कंसातल्या सूचना गाळून पुढे पळतात. तोंडाने वाचलं की वाक्य कुठे तुटतं, श्वास कुठे संपतो, एखादं पात्र दोनच शब्द का बोलतं हे जिभेला कळतं. आठवड्याला एक नाटक धरलं तर तीन महिन्यांत बारा होतात. निरनिराळ्या काळातली घ्या: एखादं प्राचीन ग्रीक, एखादं संस्कृत, एखादं शंभरेक वर्षांपूर्वीचं, बाकी आजची. प्रत्येकाबद्दल वहीत तीनच ओळी लिहायच्या. कोणाला काय हवं होतं, आड काय आलं, शेवटी काय बदललं. कथासार लिहू नका, ते कुठेही मिळतं.

जमेल तितके प्रयोग पाहा, आणि त्यातला निदान एक दोनदा. पहिल्यांदा गोष्ट बघून होते. दुसऱ्यांदा जो बोलत नाहीये त्याच्याकडे बघा. चांगला नट समोरच्याचं वाक्य ऐकताना काय करतो हे बघणं म्हणजे फुकटातला अभिनयाचा वर्ग.

आवाजासाठी रोज पंधरा मिनिटं पुरतात. पाठीवर झोपा, पोटावर हात ठेवा. श्वास घेताना हात वर जायला हवा, खांदे कानांकडे सरकायला नकोत. मग सोडताना 'स' चा एकच लांब आवाज काढा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच ताकदीने. पहिल्या दिवशी दहा सेकंदांत दम संपेल, हरकत नाही. त्यानंतर उच्चार. 'चटईला टाचणी टोचली' लहानपणी गंमत म्हणून म्हटलेलं असतं. आता ते हळू, स्पष्ट, प्रत्येक व्यंजन पूर्ण करत म्हणा आणि मगच वेग वाढवा. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा म्हणजे ओरडायचं असं बहुतेकांना वाटतं, आणि घसे बसतात ते त्यामुळेच. खरं तर बऱ्याचदा आवाज लहान नसतो, वाक्याचा शेवट गिळलेला असतो. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं, म्हणजे गिळलं जातं नेमकं तेच. सराव करूनही घसा दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर घरगुती उपाय बास करून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

शरीरासाठी जे आवडेल ते: पोहणं, नाच, योगासनं, नुसतं चालणं. आपण उभे कसे राहतो, भार कुठल्या पायावर टाकतो, अवघडलो की हात कुठे जातात, एवढं लक्षात आलं तरी पुष्कळ.

ऑडिशन

साधारणपणे एक किंवा दोन स्वगतं मागतात, प्रत्येकी एक-दोन मिनिटांची, आणि दोन असतील तर वेगवेगळ्या जातीची. इथे नवखे एकच चूक पुन्हा पुन्हा करतात: रडण्या-ओरडण्याचा, वेड लागण्याचा, मरण्याचा उतारा निवडतात. परीक्षकांनी सकाळपासून तसे कित्येक ऐकलेले असतात. आपल्या वयाच्या आसपासचं पात्र घ्या, आणि असा उतारा घ्या ज्यात ते पात्र कोणाकडून तरी काहीतरी मिळवायला धडपडतंय. जुनी आठवण सांगणारा उतारा वाचायला सुंदर आणि करायला अवघड असतो, कारण त्यात करण्यासारखं काही नसतं.

उतारा ज्या नाटकातला आहे ते पूर्ण वाचलेलं असलंच पाहिजे. "हे ती कोणाला सांगतेय? याच्या आधी काय झालं?" हे प्रश्न येतातच.

खोलीत गेल्यावर नाव सांगा, उतारा सांगा, एक श्वास घ्या, सुरू करा. ज्याच्याशी बोलताय तो माणूस परीक्षकांच्या डोक्याच्या जरा वर, मागच्या भिंतीपाशी उभा आहे असं धरा. थेट परीक्षकांच्या डोळ्यांत बघून बोललात तर त्यांना नकळत तुमच्यासोबत काम करावं लागतं आणि लिहिता येत नाही. मध्येच विसरलात तर माफी मागू नका. थांबा, मागच्या वाक्याला परत जा.

आणि त्यांनी "आता हेच हसत हसत कर" किंवा "कुजबुजत कर" असं सांगितलं, तर पहिलं चुकलं असं समजून खचू नका. सांगितलेलं ऐकून काही बदलू शकता का, एवढंच त्यांना बघायचं असतं. मी पहिल्या वर्षाच्या मुलांच्या तालमी घेते, त्या अनुभवावरून सांगते: घोटून घोटून पक्कं केलेलं पण तसूभरही न हलणारं काम बघितलं की काळजी वाटते. अडखळत केलेलं, पण सूचनेसरशी बदलणारं काम बघितलं की बरं वाटतं.

पहिल्या आठवड्यात लागणारी भाषा

अपस्टेज, डाउनस्टेज झालं. डावं-उजवं नेहमी नटाचं, प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचं. दिग्दर्शक समोर बसलेला असल्याने त्याला मनात उलटं करून सांगावं लागतं आणि तोही कधी कधी चुकतो, अशा वेळी शहाणपणा न करता "माझं उजवं ना?" एवढंच विचारायचं.

विंग म्हणजे बाजूची, प्रेक्षकांना न दिसणारी जागा. तुम्हाला प्रेक्षक दिसत असतील तर तुम्हीही त्यांना दिसताय, हा विंगेतला पहिला नियम. ब्लॉकिंग म्हणजे कोणी, केव्हा, कुठून कुठे जायचं याची आखणी. क्यू म्हणजे तुमचं वाक्य, हालचाल, दिवा किंवा संगीत ज्यावर सुरू व्हायचं तो इशारा. प्रॉपर्टी म्हणजे हाताळायच्या वस्तू, आणि दुसऱ्याच्या प्रॉपर्टीला हात लावायचा नाही, अगदी जागेवर सरळ करून ठेवायलासुद्धा. रंगीत तालीम म्हणजे वेशभूषा, रंगभूषा, दिवे, संगीत सगळं घेऊन केलेली पूर्ण तालीम. बाकीचे शब्द येतील तसे विचारा. पहिल्या महिन्यात विचारलेला प्रश्न कोणाच्या लक्षात राहत नाही; दुसऱ्या वर्षी विचारायला मात्र खरंच लाज वाटते.

अभिनयाच्या वर्गात नेमकं काय चालतं

बाहेरून बघणाऱ्याला हा वर्ग वेडगळ वाटतो. मोठी माणसं जमिनीवर लोळतायत, एकमेकांच्या हालचालींची नक्कल करतायत, नसलेला चेंडू फेकतायत. यातले कितीतरी खेळ अमेरिकेतल्या व्हायोला स्पोलिन यांनी विसाव्या शतकात रचले किंवा रुळवले. त्यामागचा विचार साधा: खेळात गुंतलेला माणूस स्वतःकडे बघायचं विसरतो. नसलेला चेंडू झेलताना तो केवढा, किती जड हे बघायचं असतं. त्या दोन सेकंदांत "मी कसा दिसतोय?" हा प्रश्न मनात शिरायला फट राहत नाही. नवख्यासाठी हे औषधच आहे. म्हणून खेळात हात राखून उतरू नका. बाजूला उभं राहून संकोचाने हसणारा मुलगा सगळ्यात जास्त उठून दिसतो.

अमेरिकेतले अभिनयशिक्षक सॅनफर्ड माइस्नर यांचा पुनरुक्तीचा सराव बऱ्याच ठिकाणी घेतात. दोघं समोरासमोर. एक म्हणतो, "तू भुवई उचललीस." दुसरी म्हणते, "मी भुवई उचलली." पुन्हा तो, पुन्हा ती. पहिली दोन-तीन मिनिटं कमालीची कंटाळवाणी जातात. मग एकाला हसू येतं, दुसरीला राग येतो आणि तेच वाक्य आपोआप निराळं येऊ लागतं, कोणी ठरवलेलं नसताना. समोरच्याकडे खरोखर लक्ष असलं की आपलं बोलणं त्याच्यामुळे बदलतं, एवढीच यातली शिकवण. पहिल्यांदा हा सराव केला तेव्हा मी मनात पुढचं वाक्य जुळवत होते. वाक्य तर ठरलेलंच होतं!

कॉन्स्टंटिन स्तानिस्लाव्हस्की (१८६३–१९३८) हे नाव पहिल्याच महिन्यात कानावर येईल. १८९८ साली मॉस्को आर्ट थिएटरच्या स्थापनेत ते होते आणि नटाच्या कामाची पद्धतशीर मांडणी त्यांनी केली. त्यांच्याबद्दल एक गैरसमज आधीच काढून टाका. रडायचं असेल तर आपल्या आयुष्यातलं दुःख उकरायचं, हीच त्यांची पद्धत असं सर्रास ऐकू येतं. भावनिक आठवणींचा प्रयोग त्यांनी केला हे खरं, पण पुढच्या काळात त्यांचा भर शारीरिक कृतींवर गेला: पात्र काय करतं ते नेमकं करा, भावना मागोमाग येईल. वर्गात कोणी तुम्हाला ताज्या जखमेवरची खपली काढायला लावत असेल, तर "यावर मला काम करायचं नाही" म्हणायचा पूर्ण हक्क आहे. स्पर्शाचे, मारामारीचे, जवळिकीचे प्रसंग तर आधी बोलून, मोजून, पावलं ठरवूनच बसवायचे असतात. नवखे आहोत म्हणून गप्प बसलात, तर इथे नुकसान तुमचंच.

आपल्याकडची एक जुनी विभागणी या वर्गात मला सगळ्यात जास्त कामी आली. नाट्यशास्त्रात भरताने अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. शरीराने, वाणीने, वेश-रंगभूषा वगैरेंनी आणि आतून उमटणाऱ्या रोमांच-अश्रूंसारख्या भावांनी केलेला. प्रसंग जमत नसेल तेव्हा स्वतःला विचारा, अडलंय कशात? बहुतेक वेळा आपण सात्त्विकाच्या मागे लागलेलो असतो आणि गाडी अडलेली असते वाचिकात: वाक्यच ऐकू येत नसतं.

संहिता आणि पेन्सिल

पेनाने लिहू नका. ब्लॉकिंग बदलतं, पुन्हा बदलतं, आणि शेवटी पहिलंच ठेवलं जातं.

काम कसं करायचं ते एका तुकड्यावर दाखवते. समजा एवढेच चार संवाद आहेत:

ती : आलास?
तो : उशीर झाला.
ती : गाडी नव्हती?
तो : होती.

यात काय आहे? वाचलं तर काही नाही. आता आधी परिस्थिती लिहा: कोण, कुठे, किती वाजता, याच्या आधी काय घडलंय. नाटकात सापडतं तेवढं नाटकातून घ्या, अंदाज वेगळ्या रकान्यात ठेवा. समजा दोघं बहीण-भाऊ आहेत, रात्रीचे दोन वाजलेत आणि आतल्या खोलीत वडील आजारी आहेत.

मग प्रत्येक वाक्यापुढे एक क्रियापद लिहा, आणि ते समोरच्यावर करता येण्यासारखं हवं. 'ती रागावलेली आहे' हे लिहून काही उपयोग नाही. राग करून दाखवायला गेलं की भुवया आणि आवाज वर जातात, बास. 'आलास?' पुढे 'कोंडीत पकडते' लिहा आणि बोलून बघा. मग ते खोडून 'सुटकेचा श्वास टाकून जवळ घेते' लिहा, पुन्हा बोला. शब्द एकच, दोन वेगळी नाटकं. 'उशीर झाला' पुढे 'हात जोडतो' की 'झटकून टाकतो'? आणि शेवटचं 'होती'. गाडी होती, तरी तो वेळेवर आला नाही. म्हणजे या दोन अक्षरांत तो कबुली देतोय. त्याआधी तो किती वेळ थांबेल? हा पॉज किती सेकंदांचा हे ठरवू नका. कबुली द्यायची की नाही हे ठरवायला त्याला जेवढा वेळ लागेल तेवढाच तो असेल.

ब्लॉकिंगच्या खुणा समासात. चालत जाण्यासाठी फुली, दिशेसाठी बाण, बसण्या-उठण्यासाठी तुमची स्वतःची खूण, आणि ती कुठल्या शब्दावर ते अधोरेखित.

पाठांतर हा नवख्यांचा सगळ्यात मोठा बागुलबुवा. दोनच सूचना. एक, फक्त आपली वाक्यं पाठ करू नका. समोरच्याचं आधीचं वाक्य आणि आपलं अशी जोडी पाठ करा, नाहीतर वाक्य येतं पण केव्हा बोलायचं ते येत नाही. दोन, पाठ करताना सपाट, भावाविना म्हणा. चालीसकट पाठ झालं की ती चाल मरेपर्यंत सुटत नाही. थोडं रोज, झोपण्याआधी एकदा, सकाळी एकदा, आणि ब्लॉकिंग ठरल्यावर चालता चालता. हातातून संहिता ठेवायची तारीख दिग्दर्शक आधीच सांगतो. त्यानंतर अडलात तर पात्र न सोडता फक्त "लाइन" म्हणा. प्रॉम्प्टर वाक्य देईल. "सॉरी सॉरी, मला येत होतं" यात सगळ्यांची लय जाते.

बॅकस्टेजला हात वर करा

पहिल्या सत्रात भूमिका मिळाली नाही तर नाराज होण्याआधी रंगमंच व्यवस्थापकाकडे जा आणि म्हणा, मला काहीही येत नाही, काय करू? हे वाक्य तिथे फार आवडतं. अनुभव नसलेल्या माणसासाठी नाट्यविभागात याहून चांगलं दार नाही, असं माझं ठाम मत आहे. एकच नाटक तीस-चाळीस तालमींतून घडताना रोज बघायला मिळतं, आणि तुमच्याकडे कोणी बघत नसतं.

मला दिव्यांच्या बोर्डावर बसवलं. रंगमंच व्यवस्थापक हेडसेटवर आधी "स्टँडबाय, लाइट सतरा" म्हणते, तुम्ही "स्टँडबाय" म्हणून उत्तर देता, आणि ती "गो" म्हणाली की बटण दाबायचं. तांत्रिक तालमीत, म्हणजे दिवे-संगीताचे क्यू जुळवून बघतात त्या तालमीत, ती मला समजावून सांगत होती: "मी 'गो' म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही." मी त्या वाक्यातल्या 'गो' वर बटण दाबलं. शिडीवर चढून दिवा फिरवणारा मुलगा मिट्ट काळोखात. सुदैवाने तो नुसता स्तब्ध उभा राहिला. तेव्हापासून हेडसेटवर इतर बोलण्यात मी तो शब्द उच्चारत नाही. नवख्या मुलांना शिकवताना "तो दोन इंग्रजी अक्षरांचा शब्द" म्हणते आणि ती हसतात.

इथले नियम थोडे आणि कडक. काळे कपडे, बंद बूट. वरून काही निसटलं तर आधी ओरडायचं, मग बघायचं. खाली उभे असताना ओरडा ऐकू आला तर वर बघायचं नाही, डोकं झाकून बाजूला व्हायचं. शिडी एकट्याने चढायची नाही. काळोखात चमकणाऱ्या पट्ट्या जमिनीवर लावलेल्या असतात, त्या टेबल-खुर्च्यांच्या जागा आणि पायऱ्यांच्या कडा असतात. त्या उचकटू नका.

वेळेबद्दल एक गंमत. ब्रिटिश रंगभूमीवर 'हाफ' म्हणजे अर्ध्या तासाची सूचना पडदा उघडण्याच्या पस्तीस मिनिटं आधी देतात, कारण हिशोब सुरुवातीच्या पात्रांनी जागा घ्यायच्या वेळेपासून धरतात आणि ती पाच मिनिटं आधीची असते. तुमच्याकडची पद्धत काहीही असो, दिलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचा. अनुभव नसलेल्याला पहिल्या दिवसापासून हातात असलेली एकमेव गोष्ट म्हणजे वक्तशीरपणा, आणि दिग्दर्शक पुढच्या नाटकासाठी माणसं निवडताना ती विसरत नाहीत.

इतिहासाचा पेपर

सनावळ्या पाठ करून हा विषय काढता येतो, पण मग त्यातली मजा जाते. तो अडचणी आणि त्यावरच्या तोडग्यांचा इतिहास म्हणून वाचा. ग्रीक नाटकात आधी समूह (एकत्र गाणारा-बोलणारा कोरस) आणि एकच नट. अ‍ॅरिस्टॉटलच्या म्हणण्याप्रमाणे नाटककार एस्किलसने दुसरा नट आणला आणि सोफोक्लिसने तिसरा. दुसऱ्यामुळे दोन पात्रांना समूहाला वगळून आपापसात भांडता आलं. तिसऱ्यामुळे दोघांचं भांडण ऐकणारा कोणीतरी आला, आणि ऐकणाऱ्याला जे कळतं ते बोलणाऱ्यांना कळत नाही ही गंमत शक्य झाली.

दिव्यांचंही तसंच. मेणबत्त्या आणि तेलाचे दिवे होते तोवर नटाला उजेड असेल तिथे, पुढच्या कडेला येऊन बोलावं लागे. मग गॅस आला. १८७६ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइटला संगीतकार वॅग्नरच्या नाट्यगृहात प्रेक्षागृह जवळजवळ काळोखात ठेवलं गेलं. त्याआधी प्रेक्षक एकमेकांकडे बघायलाही येत. १८८१ मध्ये लंडनचं सॅव्हॉय नाट्यगृह पूर्णपणे विजेच्या दिव्यांनी उजळलं. विजेच्या उजेडात रंगवलेले पडदे खोटे दिसू लागले, आणि नटाला मागे वळून, खुर्चीत बसून, हळू बोलून अभिनय करायची सोय झाली. असं वाचलं की उद्याच्या अभिनयाच्या वर्गाशी धागा जुळतो, आणि परीक्षेतही लिहायला काही असतं.

लेखी पेपरात नवखी मुलं बऱ्याचदा जुन्या नटांना मागे टाकतात. हा फायदा सोडू नका.

नोट्स घेणं

तालमीनंतर दिग्दर्शक सगळ्यांना बसवून सूचना देतो. तुमच्या नावाने सूचना आली की लिहून घ्या आणि "हो" म्हणा. "मी तसं केलं कारण त्याने खुर्ची चुकीच्या जागी ठेवली होती" हे कितीही खरं असलं तरी नंतर, एकट्याने सांगा. सूचना कळली नसेल तर मात्र तिथेच विचारा. आणि सूचना मिळाली नाही म्हणजे दुर्लक्ष झालं असं नव्हे. शेवटच्या आठवड्यात दिग्दर्शकाकडे जेमतेम आग विझवण्यापुरता वेळ असतो.

पहिली भूमिका बहुधा दोन वाक्यांची असेल. निरोप घेऊन येणारा, दार उघडणारी. त्या दोन वाक्यांवर पाच पानी चरित्र लिहू नका, लहान भूमिकेचा त्याने नेमका विचका होतो. कुठून आलो, काय सांगायचंय आणि सांगून लगेच का जायचंय, एवढं पुरे. प्रयोगात ऐन वेळी क्यू आला नाही तर विंगेत दोन श्वास थांबा. तरी आला नाही तर रंगमंच व्यवस्थापकाकडे बघा.

शेवटच्या प्रयोगाच्या रात्री सेट उतरवायचा असतो आणि बरेच नट भेटायला आलेल्या लोकांसोबत निघून जातात. तुम्ही थांबा. बंद बूट सोबत आणलेले असू द्या, हातमोजे मागून घ्या. फळ्यांमधले खिळे उपटून काढायचे, स्क्रू लांबीप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत टाकायचे, जमिनीवरच्या पट्ट्या सोलायच्या. वाकडे झालेले स्क्रू डब्यात परत टाकू नका. पुढच्या नाटकाचा सेट लावताना ते तुमच्याच हातात येतील.